चिंचबेटचं कापलेलं पान

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. शिवणीला अगदी लागून, पट्टी धरून ब्लेड ओढावं तसं.

रुद्राणीनं त्या कापावरून बोट फिरवलं. फाइल १९४५ सालची. कागद पिवळा पडलेला, हात लावला की कडा झडायच्या. पण या कापाची कड उजळ होती. काप जुना नव्हता.

"अण्णा, जरा इकडे येता?" तिनं हाक मारली.

संपादक ईश्वरप्पा चष्मा कपाळावर सरकवत आत आले. 'दैनिक सीनातीर'ची कचेरी सोलापुरात चाटी गल्लीच्या मागं होती आणि जुन्या अंकांची ही खोली कचेरीच्याही मागं. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. रुद्राणी इथं उपसंपादक होती. चाळिशीच्या आसपासची, अक्कलकोटकडची. घरी आईशी कानडी बोलायची, कचेरीत मराठी. सगळे तिला रुद्राक्का म्हणत.

१९७७ च्या त्या पावसाळ्यात 'सीनातीर'मध्ये दर रविवारी 'चिंचबेटच्या जुन्या बातम्या' हे सदर येत होतं. चिंचबेट म्हणजे भीमेच्या दोन फाट्यांमधलं गाव. चारी बाजूंनी नदी, मधल्या उंचवट्यावर घरं, बाजार, शाळा आणि देऊळ. नव्या धरणाचं पाणी आता बेटावर चढू लागलं होतं. माणसं आपापली घरं उकलून वासे, दारं, दगड लाँचमधून काठावर नेत होती. गाव बुडण्याआधी त्याच्या आठवणी छापाव्यात ही कल्पना ईश्वरप्पांची. बातम्या निवडून द्यायचे धोंडीराम मास्तर. ते बेटावरच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आणि 'सीनातीर'चे तिथले बातमीदार. सत्तरी उलटून गेल्यावर सोलापुरात येऊन राहिले होते. रोज कचेरीत यायचे, चहा घ्यायचे, फाइली चाळायचे. कचेरीतल्या टेबल-खुर्च्यांइतकेच ते तिथले झाले होते.

सदर छान चाललं होतं. आणि मग गेल्या आठवड्यात बेटावर ते सापडलं.

घर उकलणाऱ्या माणसांना एका पेवाचं तोंड लागलं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. झाकणाचा दगड सरकवला तर आत धान्य नव्हतं. सांगाडा होता. भिंतीला पाठ टेकून बसलेला. शेजारी एक चष्मा पडला होता. पोलिसांनी सांगितलं, हाडं बरीच जुनी आहेत आणि त्यांच्यावर घावाची खूण नाही.

"बेटावरून कोण कोण नाहीसं झालं ते जुन्या अंकांत बघते," असं रुद्राणी त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलली होती. आणि आज ऑगस्ट पंचेचाळीसचं हे पान नव्हतं.

"या आठवड्यात या खोलीत कोण आलं होतं?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"दोघं. हिंदुराव पाटील आणि सिद्रामप्पा. दोघंही चिंचबेटचे. सदर वाचून आले होते, म्हणून मीच आत बसवलं."

दारात धोंडीराम मास्तर उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. त्यांनी वाकून तो काप पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"अक्का, हा अंक आता कुठं मिळायचा नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसरी फाइल कुणी ठेवलेली नाही. कापणाऱ्याला ते ठाऊक असणार."

२

दुसरी फाइल होती.

रुद्राणी सकाळच्या एसटीनं बार्शीला गेली. तिथल्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर 'सीनातीर'चे अंक सुतळीनं बांधून ठेवलेले होते. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या, पण ऑगस्ट पंचेचाळीस शाबूत होता. तिनं ते पान खिडकीजवळ नेलं.

एका बाजूला युद्ध संपल्याच्या बातम्या. दुसऱ्या बाजूला वरच्या रकान्यात चिंचबेटच्या शाळेतल्या अन्नछत्राचं कौतुक. धान्यटंचाईच्या त्या दिवसांत सोलापुरातल्या लोकांनी शाळेतल्या मुलांसाठी ज्वारी पाठवली होती आणि धोंडीराम मास्तर रोज मुलांना आंबील वाढत होते. आणि त्याखाली, चौकटीत नाही, मोठ्या टाइपातही नाही, चार ओळी :

'चिंचबेट, आमच्या बातमीदाराकडून. येथील शाळेतील तरुण शिक्षक श्री. आप्पा सुरवसे हे सोलापूरला येण्यास निघाले असता भीमेच्या पुरात काहील उलटून त्यांना जलसमाधी मिळाली. प्रेत हाती लागले नाही. ते अत्यंत मनमिळाऊ होते.'

त्या काळी बेटावर होडी नव्हती. गुळाच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून माणसं नदी ओलांडायची. काहील उलटणं, माणूस वाहून जाणं, यात नवल काहीच नव्हतं. पण प्रेत मिळालं नव्हतं, आणि बेटावरच्या एका पेवात एक माणूस इतकी वर्षं भिंतीला टेकून बसलेला होता.

संध्याकाळी तिनं ती बातमी उतरवून आणलेला कागद मास्तरांसमोर ठेवला. मास्तरांनी तो वाचला. 

"बार्शीला होता होय?" ते म्हणाले. "बरं झालं. मीच लिहिली होती ही."

"तुम्ही पाहिलंत त्यांना बुडताना?"

"नाही. मी कुर्डुवाडीला गेलो होतो, अन्नछत्राचं धान्य आगगाडीनं यायचं ते आणायला. परतलो तर धक्क्यावर हिंदुराव उभा. म्हणाला, आप्पा गेला, काहील उलटली. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. पाटलाच्या शब्दावर कोण शंका घेणार तेव्हा?"

रुद्राणीनं कागदाची घडी घातली.

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक गोष्ट मी आजवर कुणाला बोललो नाही, अक्का. ती पेवं आहेत ना, ती सगळी हिंदुरावच्या वाड्याच्या परसात होती."

३

आप्पा सुरवसे यांची बहीण विजयमाला सोलापुरातच, एका गिरणीच्या चाळीत राहत होती. शिलाईच्या मशीनवर परकर-पोलकी शिवून तिनं दोन मुलं वाढवली होती. रुद्राणीनं भावाचं नाव काढलं तशी तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"त्याचं काय आता?"

"त्यांना चष्मा होता का?"

"व्हता की. शिकून शिकून लागला व्हता. का वो?"

रुद्राणीनं सांगितलं नाही. ती तिला रिक्षातून पोलीस ठाण्यात घेऊन गेली. फौजदारांनी टेबलावर एक कागदाची पुडी उघडली. गोल काचांचा चष्मा, एक काच तडकलेली. डावी काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.

विजयमालानं चष्म्याला हात लावला नाही. पदर तोंडात धरून ती नुसती बघत राहिली.

"ही तार मी गुंडाळली हाय," ती शेवटी म्हणाली. "वडलांनी गिरणीतनं आणली व्हती. आठ पदर घातले व्हते मी. तो हसत व्हता मला, म्हणला, चष्मा हाय का बैलाचा कासरा." मग तिनं मान वर केली. "पन हा चष्मा तर त्याच्याबरोबर नदीत गेला व्हता. ह्यो कुटं घावला?"

फौजदारांनी सांगितलं.

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पेवात?" विजयमाला म्हणाली. "कोरड्यात? मग आमी जे नदीवर जाऊन पिंड सोडलं ते... आई धा वरसं भीमेचं पानी पीत न्हवती वो. लेकाला खाल्लं म्हनायची त्या नदीनं."

चाळीत परत आल्यावर रुद्राणीनं जपून विचारलं, "त्या वेळी घरी कसं कळलं?"

"पेपरात आलं. वडलांना गिरणीत कुणीतरी वाचून दावलं. मग चार दिवसांनी मोठे मास्तर आले, त्याची ट्रंक घिऊन. लई रडले. आईच्या पाया पडले. म्हणले, मी असतो तर जाऊ दिलं नसतं. ती बघा की ट्रंक, अजून हाय."

मशीनखाली एक निळी पत्र्याची ट्रंक होती. कोपरे गंजलेले, वर आप्पाचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलेलं. आत विजयमाला आता शिवायचे तुकडे ठेवत होती.

"ताई, बेटावर जायचं का?" रुद्राणीनं विचारलं. "जागा बघायची असेल तर आत्ताच. पाणी चढतंय."

विजयमालानं मशीनवर कापड टाकलं. "मला त्या हिंदुराव पाटलाच्या तोंडावर थुकायचं हाय," ती म्हणाली. रुद्राणी दचकली. तिनं स्वतः पाटलाचं नाव काढलेलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं त्यांचं?"

"काल मास्तर येऊन गेले. म्हणले, आप्पाच्या मरणाला पाटील कारण हाय, आता लपवून काय करू. पेवाचं काय बोलले न्हाईत."

४

सिद्रामप्पा पूर्वी चिंचबेटचा धान्यव्यापारी, आता सोलापूरच्या बाजारात त्याचं ज्वारीचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात मांजरपाटाची बंडी.

"बर्री अक्का, कुंद्री," असं कानडीत 'या, बसा' म्हणत त्यानं पोत्यावरची सतरंजी झटकली. कचेरीत कशाला आला होता हे विचारल्यावर मोकळेपणानं सांगितलं. त्याच्या वडलांनी बेटावर देवळाचा कळस बसवला होता, त्याची बातमी त्याला हवी होती. पानाबिनाला हात लावला नव्हता.

"पेवात पडून माणूस मरतो का हो?" रुद्राणीनं विचारलं.

"पडायला लागत नाही. उतरला तरी पुरे." सिद्रामप्पानं आवाज खाली आणला. "बंद पेवात विषारी हवा असते. दगड काढला की दिवसभर वाफ जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील विझला तर उतरायचं नाही. आमच्या बेटावर शेंबड्या पोराला ठाऊक होतं ते."

"आणि सोलापूरच्या माणसाला?"

"त्याला कोण सांगणार?"

"आप्पा सुरवसे सोलापूरचे होते."

सिद्रामप्पाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आप्पा? चष्मेवाला? तो तर मुंबईला गेला की. गोदीत नोकरी लागली त्याला."

"ते बुडाले अशी बातमी आहे. काहील उलटून."

"कुणाची काहील? गावात काहिली दोनच, दोन्ही आमच्या दारात बांधलेल्या असायच्या. त्या वर्षी एक पण उलटली नाही, अक्का. खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी ती कुर्डुवाडीजवळच्या नव्या वसाहतीत हिंदुराव पाटलाला भेटली. पत्र्याच्या घरांची रांग, मधे एकच हापसा. पाटील बाजेवर बसले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आवाज अजून गावभर जाणारा.

"बुडाला?" ते गरजले. "कोन म्हनतं बुडाला? त्यो म्हमईला गेला! साऱ्या गावाला ठावं हाय."

"तुम्हीच धक्क्यावर मास्तरांना सांगितलंत म्हणे, आप्पा बुडाला म्हणून."

हिंदुराव बाजेवरून उठले. काठी शोधण्यासाठी त्यांचा हात हवेत फिरला. "मी? मास्तराला? आवो बाई, मलाच मास्तरानं..." आणि ते थांबले. रुद्राणीच्या चेहऱ्याकडे बघत खाली बसले. "पेवं माझ्या परसात व्हती, म्हून माझ्यावर आलाय व्हय डाव? त्यातलं एक मी शाळंला दिलं व्हतं. आंबिलीचा जोंधळा ठेवायला. जावा, इचारा कुनालाबी. आता इचारायला हाय तरी कोन तितं? म्हातारी गोजरबाई तेवडी ऱ्हायलीय. ती घर सोडंना."

एसटीत बसल्यावर रुद्राणीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पाटील आणि व्यापारी, दोघंही तेच म्हणत होते : मुंबई. दोघं मिळून खोटं बोलत असतील तर ते बत्तीस वर्षं एकसारखं खोटं बोलत आले होते. आणि खरं बोलत असतील तर?

कचेरीत निरोप पडला होता. धरण खात्याची लाँच उद्या शेवटची जाणार. पाणी पाटलाच्या परसाला टेकलं होतं.

"मी येतो बरोबर," धोंडीराम मास्तर म्हणाले. "गाव एकदा डोळ्यांनी बघून घेतो."

५

लाँचच्या दोन्ही बाजूंनी नदी नव्हतीच, नुसतं पाणी होतं. झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले, एका बाभळीवर कुणाचं तरी धोतर अडकून फडकत होतं. विजयमाला पुढच्या फळीवर बसली होती. मास्तर तिच्या शेजारी, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. बंदोबस्ताचा एक हवालदार मागं विडी ओढत होता. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. वाराही नव्हता.

बेटावर घरांच्या जागी नुसते चौथरे उरले होते. दारं नाहीत, छपरं नाहीत. भिंतीतली दिवळी तेवढी काजळी धरून होती. कुत्र्यांनी लाँच पाहून भुंकायला हवं होतं, पण ती नुसती बघत उभी राहिली.

"मी ताईला जागा दाखवतो," मास्तर म्हणाले.

रुद्राणी देवळामागं धूर दिसला तिकडे गेली. गोजरबाई चुलीपुढं बसली होती. पंचावन्नच्या आसपासची, हाडापेरानं मजबूत. बोचकी बांधून तयार होती, पण चूल विझवलेली नव्हती.

"आप्पा मास्तर?" गोजरबाईच्या हातातली फुंकणी थांबली. "त्याचं नाव कशाला काडता, बाई? गेला म्हमईला. न सांगता गेला."

"तुमची ओळख होती?"

"रोज ह्याच दारावरनं शाळंत जायचा. मी नवऱ्यानं टाकलेली, एकविसाव्या वरसाला. कुनी बोलत न्हवतं माज्याशी. त्यो बोलायचा. म्हनला व्हता, अक्षरं शिकवतो तुला." ती चुलीकडे बघत म्हणाली. "मग येक दिवस न्हायीच आला."

"त्यांना जाताना कुणी पाहिलं?"

"बगितलं न्हाय कुनी. पन मी त्याची खोली झाडायची. दुसऱ्या दिशी सकाळी गेले तर निळी ट्रंक न्हवती. मानूस ट्रंक घिऊन जातो म्हंजी गेलाच की. मोट्या मास्तरांनी पारावर सांगितलं बी तसं, गोदीत कामाला लागला म्हून. पुन्यांदा म्हनले, लगीन केलं त्यानं तितं."

 "तो बुडाला अशी पेपरात बातमी आली होती."

"पेपरात? छ्या. पेपर गावात येकच यायचा, मास्तरांकडं. ते पारावर बसून वाचून दावायचे सगळ्यांना. तसलं काय वाचलं न्हाय त्यांनी कंदी."

निळी ट्रंक. ती इथून नाहीशी झाली म्हणून बेटाला पटलं की आप्पा मुंबईला गेला. ती सोलापूरला पोचली म्हणून आईला पटलं की लेक बुडाला. ट्रंक एकच होती, आणि ती एकाच माणसानं उचलली होती.

"ताई कुठं आहेत?" ती स्वतःलाच म्हणाली आणि धावत सुटली.

पाटलाच्या परसात पाणी आलं होतं. पेवाच्या तोंडाशी विजयमाला ओणवी झाली होती, डोकं त्या काळ्या भोकात. मास्तर तिच्या अगदी मागं उभे होते. छत्री खाली ठेवलेली.

"अजून वाक, पोरी," ते मायेनं म्हणत होते. "काही होत नाही. हवा बरी आहे."

६

"विजयमालाताई, मागं या!"

तो आवाज आपला आहे हे रुद्राणीला नंतर कळलं. विजयमाला दचकून बाजूला झाली. मास्तर हलले नाहीत. हवालदार विडी टाकून जवळ आला.

धापा टाकत गोजरबाईही येऊन पोचली होती. रुद्राणीनं तिचा हात धरला आणि तिला विजयमालासमोर उभं केलं.

"ह्या आप्पांच्या बहीण. ताई, आप्पांचं काय झालं ते तुम्ही यांना सांगा."

"काय सांगू? नदीत बुडाला म्हनून आजवर..."

"बुडाला?" गोजरबाई म्हणाली. "न्हाय वो. त्यो म्हमईला गेला. लगीन बी केलं."

"कुनी सांगितलं तुमाला असलं?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

आणि दोघींनी एकदमच मान वळवली. दोघींच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"मास्तरांनी."

पाण्याचा चुळूकचुळूक आवाज तेवढा येत होता.

"मी विचार करत होते," रुद्राणी म्हणाली, "की पाटील खोटं बोलतात का सिद्रामप्पा. दोघंही खोटं बोलत नव्हते. बेटावर प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की काहील उलटलेली नाही, म्हणून इथं बुडाल्याचं सांगता येत नव्हतं. आणि सोलापुरात मुंबई म्हटलं असतं तर घरच्यांनी शोधायला मुंबई पालथी घातली असती. तिथं मरणच लागत होतं. बेटाला एक बातमी, सोलापूरला दुसरी. मधे नदी होती आणि पेपर तुम्ही वाचून दाखवत होता. दोन्ही बातम्या ठाऊक असलेला माणूस एकच, मास्तर. ते पान आता आपल्या सदरात छापलं गेलं असतं तर वसाहतीतली माणसं ओरडत आली असती की हे खोटं आहे. म्हणून ते कापलं. आणि ते बार्शीला सापडलं, तेव्हा पाटलांचं नाव पुढं केलं."

मास्तर खाली वाकले. सगळ्यांना वाटलं छत्री घेतायत. ते एका चौथऱ्याच्या दगडावर बसले.

"निम्मी ज्वारी मी पेवात ठेवायचो," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता, स्पष्ट, न अडखळणारा. "पुढच्या वाईट दिवसांसाठी म्हणून ठेवली आधी. मग भाव चढले. व्यापारी काठावर यायचे, ती सगळी त्यांना विकून टाकली. मुलांची आंबील पातळ झाली ते आप्पाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, मी स्वतः उतरून बघणार आणि पेपरला लिहिणार. त्याच पेपरात माझं नाव दर आठवड्याला छापून यायचं, अक्का. माणसं मला वाटेत थांबवून नमस्कार करायची."

"तुम्ही ढकललंत?"

"नाही. हात नाही लावला त्याला. दगड मी नुकताच सरकवला होता. त्यानं विचारलं, हवा बरी आहे का? कुणीतरी सांगितलं असेल त्याला. मी म्हटलं, सकाळपासून उघडं आहे, उतर." ते थांबले. "तेवढंच एक वाक्य बोललो."

विजयमाला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. थुंकेल असं रुद्राणीला वाटलं. पण तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीला काही विचारावं तसा.

"त्यानं हाक मारली व्हती का?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"सांगा की. बाकी सगळं सांगितलं."

"मारली."

"कुनाला?"

"मला. गुरुजी म्हणाला. दोनदा."

"मग दगुड कवा ओढला? हाक थांबायच्या आदी का मागनं?"

मास्तरांनी खाली ठेवलेली छत्री उचलली आणि मांडीवर आडवी धरली. विजयमाला तशीच उभी होती. आता तिला उत्तराची गरज नव्हती.

हवालदारानं मास्तरांना दंडाला धरून उठवलं. पाणी त्यांच्या वहाणांवरून गेलं होतं. जाताना ते रुद्राणीजवळ थांबले. "ही बातमी तुम्ही लिहिणार ना? भाषा जरा..."

"मी लिहिणार," रुद्राणी म्हणाली. "चला."

विजयमालानं त्यांच्याबरोबर लाँचमध्ये बसायला नकार दिला. "ह्यांना आदी न्या. आमाला नेयाला परत या," ती हवालदाराला म्हणाली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. रुद्राणी तिच्यासोबत थांबली. लाँच पाण्यावरून लांब गेली, काळी टोपी बराच वेळ दिसत होती, मग झाडांच्या शेंड्यांआड गेली.

फौजदारांनी हाडं ताब्यात दिली की दहन सोलापुरातच करायचं, असं विजयमाला सांगत होती. थोरल्या मुलाला निरोप पाठवायला हवा. या वेळी सगळं नीट करायचं.

गोजरबाई थोड्या अंतरावर उभी होती. आजवर ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या तो माणूस इथंच, तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता. चुलीचा धूर तिच्यामागं सरळ वर चढत होता. ती दोनदा पुढं आली, दोनदा थबकली. मग पायरीच्या खालीच, मातीत बसली.

"येक इचारू का, बाई?" ती विजयमालाकडे न बघता म्हणाली. "म्या त्याची कोन न्हवं. नात्याची न्हाय, गोत्याची न्हाय. पन त्याचं सुतक म्या धरलं तर चालंल का?"

विजयमालानं तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला बहुधा तेव्हाच कळलं. ती पायरीवरून खाली उतरली, गोजरबाईच्या शेजारी मातीत बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"धर," ती म्हणाली. "सुतकाची आंगुळ दोघी मिळून करू."